सुलभाताईंची पहिली कमेंट

“कारखानीस, न्यूजलेटर रहने दो,” साहेब म्हणाले. “ब्लॉग दिखाओ.”

मी न्यूजलेटरचा रंगीत प्रिंटआउट हातात धरून त्यांच्या केबिनमध्ये उभा होतो. बुर दुबईत आमचं छोटंसं ऑफिस होतं. कुकर, मिक्सर, इडलीपात्र अशा भारतीय स्वयंपाकघरातल्या वस्तू आम्ही वेबसाइटवरून विकत असू. दोन हजार पाच साल. वस्तू हातात न घेता मागवायची म्हणजे लोक बिचकत. त्यांना राजी करणं हे मार्केटिंगचं, म्हणजे माझं काम. दर आठवड्याला मी गिऱ्हाइकांना जाहिरातीची एक देखणी ईमेल पाठवायचो. तेच न्यूजलेटर. पाच वर्षं पाठवत होतो आणि मला त्याचा अभिमान होता.

ब्लॉग लिहीत होती ईशा. वय तेवीस, जन्म शारजातला, नेमणूक कस्टमर केअरला. म्हणजे दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. तेच ते प्रश्न ऐकून ती कंटाळली आणि उत्तरं एकदाच लिहून ठेवू, म्हणून तिने आमच्या साइटवर ब्लॉग सुरू केला. ब्लॉग ही सगळ्यांना वाचता येईल अशी रोजनिशी. वाचणाऱ्याला खाली आपलं मत लिहिता येतं, त्याला कमेंट म्हणतात. ईशा इंग्रजीत लिहायची, मधे मधे आईच्या तोंडचे मराठी शब्द. ‘हा कुकर आमच्या इलेक्ट्रिक शेगडीवर जरा डुगडुगतो, पण आमटी फर्स्ट क्लास होते,’ असलं काहीतरी. आपल्याच मालाची खोड आपणच काढायची. आणि लोक नेमका तोच कुकर मागवायचे.

माझा जळफळाट होत होता, हे सरळच सांगतो. ही मुलगी मला भर ऑफिसात ‘काका’ म्हणायची, त्याने तो आणखी वाढायचा. त्यात माझी बायको मेधा. तिने माझं न्यूजलेटर कधी उघडल्याचं मला आठवत नाही. ईशाचा ब्लॉग मात्र दुपारी वाचायची आणि संध्याकाळी मला वाचून दाखवायची.

साहेबांनी त्या दिवशी ब्लॉग पाहिला, दोनदा हसले आणि मग माझ्याकडे वळले. “दो महिने में तुम्हारा व्हिसा रिन्यू करना है ना? देखते हैं.”

आखातात नोकरी केलेल्या माणसाला या ‘देखते हैं’चा अर्थ सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. इथे व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि त्याच्यामागे बायकोचा व्हिसा, भाड्याचं घर, मुलीची शाळा, सगळंच जातं.

पुढच्याच आठवड्यात ईशाने गणपतीनिमित्त पोस्ट लिहिली. आमच्याकडच्या पाच लिटरच्या कुकरसोबत एक भोकाची ताटली यायची. तिच्यावर मोदक कसे उकडता येतात, असा विषय होता. दुपारपर्यंत खाली पंधरा कमेंट. मी जेवायच्या सुट्टीत डबा बाजूला सारला आणि त्याच पोस्टखाली लिहिलं: ‘मी या कुकरमध्ये उकडीचे मोदक केले. चांगल्या चार शिट्ट्या केल्या. सगळे मोदक फुटले, सारण पाण्यात गेलं. कृपया कोणी घेऊ नये. सौ. सुलभा, शारजा.’

सेंड केल्यावर मला फार बरं वाटलं. डबा खाल्ला.

संध्याकाळी घरी गेलो तर मेधा कॉम्प्युटरसमोर बसून हसत होती.

“अहो, ही सुलभा कोण बाई आहे हो? मोदकांना शिट्ट्या केल्यात हिने.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय? मोदक वाफेवर उकडतात. शिटी काढून ठेवायची असते. एवढंही हिच्या आईने शिकवलं नाही?”

आमची मुलगी सोफ्यावरून म्हणाली, “Even I know that, Baba.”

मी शर्टही न बदलता स्क्रीन पाहिली. सुलभाताईंना समजवायला अख्खी अमिरात धावली होती. अबुधाबीच्या एका बाईंनी उकड कशी मळायची ते तब्बल वीस ओळींत लिहिलं होतं. फुजैराच्या एकींनी कळवलं होतं, ‘सुलभाताई, वाईट वाटून घेऊ नका, माझे पहिल्या वर्षी असेच फुटले. आमच्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिक शेगडी आहे, तिच्यावर पंधरा मिनिटं लागतात.’ तिसरीने विचारलं, ‘ताटली वेगळी मिळते का? पंचावन्न दिरहम म्हणजे साडेसहाशे रुपये, कुकरसकट ना?’ कुकरकडे कोणी संशयाने पाहतच नव्हतं. सगळ्यांना सुलभाची काळजी.

गणपती येईपर्यंत आमच्याकडचा तो कुकर संपला. नवा माल मागवावा लागला.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. “ये सुलभा को ढूँढो,” ते मला म्हणाले. “क्या लिखती है. एकदम घर की औरत. कारखानीस, पाँच साल में तुमने ऐसी एक लाइन नहीं लिखी.”

“जी,” मी म्हणालो.

“ब्लॉग पे ईशा और सुलभा, दोनों लिखेंगी. न्यूजलेटर खलास. फोन नंबर निकालो उसका.”

माझी अवस्था काय झाली ते सांगतो. सुलभा सापडली तर माझं काम संपलं. सुलभा म्हणजे मीच हे कळलं, तर त्याच दिवशी संपलं. आणि या सगळ्यात मला सुलभाचाही हेवा वाटत होता. आपणच लिहिलेल्या बाईचं बॉसने आपल्यासमोर कौतुक करावं आणि आपण ‘जी’ म्हणावं, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

पँट्रीत ईशा माझ्यामागून आली. चहाचा कप घेतला आणि शांतपणे म्हणाली, “काका, four whistles? Seriously?”

मी साखर ढवळत राहिलो.

“प्रत्येक कमेंटसोबत मला आयपी ॲड्रेस दिसतो ना,” ती म्हणाली. “सुलभाताईंचा आपल्या ऑफिसचा आहे.”

आयपी ॲड्रेस म्हणजे इंटरनेटच्या जोडणीचा नंबर. कमेंट कुठल्या जोडणीवरून आली ते त्यावरून कळतं. आमच्या सगळ्या ऑफिसला मिळून एकच जोडणी, त्यामुळे नंबरही एकच. दुसऱ्या दुकानवाल्यांनी खोट्या नावाने कमेंट टाकल्या तर या नंबरवरून पकडायच्या, हे ईशाला मी शिकवलं होतं. तिच्या डेस्कपाशी खुर्ची ओढून, अर्धा तास.

“साहेबांना सांगणार आहेस?” मी विचारलं.

“सांगितलं असतं. पण मग ते कोणीतरी नवीन आणतील आणि त्याला माझा बॉस करतील. Then what? त्यापेक्षा तुम्ही चालाल.” तिने कप खाली ठेवला. “आणि काका, तुमची ती कमेंट चांगली होती. फर्स्ट टाइम माणसासारखं लिहिलंत.”

तेवीस वर्षांच्या मुलीने हे सर्टिफिकेट द्यावं, याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. मी चहा घेतला.

तिने साहेबांना सांगितलं की सुलभाताई फोनवर बोलत नाहीत, पण कारखानीसकाका त्यांना ओळखतात आणि लेख आणून देतील. साहेब म्हणाले, “यल्ला, चलो, शुरू करो.” व्हिसाच्या कागदांवर त्यांनी त्याच आठवड्यात सही केली.

ईशाची अट एकच. सुलभाने जे लिहायचं ते आधी प्रत्यक्ष करून पाहायचं. बिघडलं तर बिघडलं असंच लिहायचं. “No cooking, no post, काका.”

मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी स्वयंपाकाला लागलो. मेधाला सांगितलं, मालाची टेस्टिंग आहे. पुरणाची डाळ करपली, ते लिहिलं. ढोकळा बसला, ते लिहिलं. गिऱ्हाइकं सुलभाताईंना सल्ले देत राहिली आणि भांडी मागवत राहिली. तेव्हा मला माझ्या न्यूजलेटरचं दुखणं कळलं. पाच वर्षांत त्यात एकही चूक नव्हती, त्यामुळे कोणाला उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

महिनाभराने एका शुक्रवारी मी उकड मळत होतो. हात भाजत होते. मेधा दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती.

“हात पाण्यात बुडवून मळा,” ती म्हणाली. “अबुधाबीच्या बाईंनी सांगितलं होतं ना तुम्हाला, सुलभाताई?”

मी हात पाण्यात बुडवले. तिने कढईखालचा गॅस तेवढा बारीक केला.

पुढच्या वर्षी ईशा मार्केटिंग मॅनेजर झाली आणि मी तिच्या हाताखाली. मत्सर गेला का, असं कोणी विचारलं तर नाही. तिच्या पोस्टखाली सुलभापेक्षा जास्त कमेंट आल्या, की त्या दिवशी मला जेवण जात नसे. फरक एवढाच झाला होता, की ते जेवण मी केलेलं असे.