ताईच्या पेशी, माझे डोळे

नव्वदच्या दशकात मला रक्ताचा कॅन्सर झाला आणि मुंबईत माझ्यावर बोन मॅरोचं प्रत्यारोपण झालं. मॅरो थोरल्या ताईचा. तो जुळला याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं, कारण आमचं दोघांचं त्याआधी कशातच जुळलं नव्हतं.

बरा होऊन मी भिवंडीला परतलो, शाळेत शिकवूही लागलो. काही महिन्यांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. उजेड सोसेना. ताई मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. ती कोरडीच निघाली.

"डोळ्यांत पाणीच तयार होत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "ताईंच्या मॅरोतल्या पेशी तिथे हल्ला करतायत, तुमच्या शरीराला परकं समजतायत."

ताई उसळली. "परकं? अहो, याचं नाक पुसण्यात माझं बालपण गेलंय!"

रिक्षात मात्र तिने बोटांवर सगळे नातेवाईक मोजले. मग म्हणाली, "असेल एखादी पेशी तशी. आत्यावर गेलेली."

औषधं, थेंब सुरू झाले. पण माझी शाळेची वाट निजामपुऱ्यातल्या यंत्रमागांच्या गल्लीतून, आणि त्या लूममधून उडणारे कापसाचे तंतू थेट डोळ्यांत जात. ताईने पोहायचा चष्मा आणला. तो लावून निघालो तर एका लूमचे मालक दारातच उभे.

"मास्तर, पोहायला? वज्रेश्वरीच्या कुंडात?"

"नाही. सातवी 'ब'मध्ये."

खरं कारण ऐकून ते हळहळले. दुसऱ्या दिवसापासून मी दिसलो की ते दारात कापूस झाडणाऱ्या कामगाराला ओरडत, "झाडू रोक! मास्तर को गुजरने दो!"

एकदा ताई बरोबर होती. ती जागीच थांबली. "गुजरने दो? एवढा मॅरो काय गुजरायला दिला याला?"

मालकांनी कान पकडले. "तोबा, ताई! निकलने दो म्हणायचं होतं."

पुढे डॉक्टरांनी डोळ्यांतलं पाणी वाहून जायची बारीक छिद्रं बंद केली. जे काही पाणी येई ते डोळ्यांत टिकू लागलं, खुपणं पुष्कळ कमी झालं. डोळे पूर्ववत झाले नाहीत, थेंब कायमचे राहिले. वर्गात मान वर करून थेंब टाकायला लागलो की मुलं आपणहोऊन शांत बसत. मी वर बघून देवाचं नाव घेतोय असं त्यांना वाटे, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही.