मागच्या सीटवरचा आवाज

मनापासून आभार मानावेत अशी माणसे मला थोडी भेटली. त्यांतला एक विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर गाड्यांचे रेडिओ दुरुस्त करीत असे.

डोक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पत्नीला उपचारांसाठी वारंवार ठाण्याला न्यावे लागे. नाट्यगीतांवाचून तिला तो प्रवास सोसवत नसे. टाके ओले असल्याने वॉकमनचा हेडफोन लावता येईना, आणि गाडीत कंपनीचा नुसता रेडिओ होता, कॅसेट लावायची सोय नव्हती.

त्याने रेडिओच्या मागून वायर काढून वॉकमनला जोडली. आवाज आला. मी निघू लागलो, तोच चपला रस्त्यावर काढून तो मागच्या सीटवर आडवा झाला.

"हे काय?"

"काकी झोपून जाणार ना? मग मला बसून काय कळणार? डोकं कुठल्या साइडला असतं?"

"डावीकडे."

"मग आधी बोलायचं ना काका. इकडे तर काहीच येत नाय."

दोन्ही स्पीकर पुढे होते. त्याने एक काढून मागे डावीकडे बसवला, पुन्हा आडवा झाला आणि डोळे मिटून अख्खे पद ऐकले. मगच उठला.

पुढच्या खेपेस कळव्याजवळ पत्नी मागून बारीक आवाजात गाऊ लागली. आजारपणात ती प्रथमच गात होती. रुग्णालय जवळ आले होते. मी गाडी हळू केली.