भूल देणारी बाई

भूलतज्ज्ञाकडे किस्से साचतात, कारण ज्यांच्या बाबतीत ते घडतात त्यांना काहीच आठवत नाही. सगळं आमच्याच डोक्यात राहतं. बडोद्यात तर 'भूल' या शब्दापासूनच गोंधळ सुरू होतो.

*

डभोईचे एक काका ऑपरेशनच्या टेबलावर होते. मी माझ्या मराठमोळ्या गुजरातीत म्हणाले, "काका, हवे भूल आपुं छुं." 'आता भूल देते' असं म्हणायचं होतं, पण गुजरातीत भूल म्हणजे चूक, हे ध्यानातच राहिलं नाही. काका ताडकन उठून बसले.

"बेन, भूल थवानी होय तो हुं काले आवुं!"

चूक होणार असेल तर उद्या येतो म्हणे.

*

आमचे सर्जन दिवाकरदादा दांडिया बाजारातले. त्यांचं मत ठाम. "दुखणं, जाणवणं, अनुभव-बिनुभव काही नसतं गं माधवी. मेंदू स्वतःलाच थाप मारतो." हे सांगता सांगता त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजली.

वसंता सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, थाप फार गरम होती का?"

*

अकोट्याच्या एक शिक्षिका. हलकी गुंगी दिली होती. मध्येच विव्हळल्या, मी लगेच औषध वाढवलं. जाग आल्यावर म्हणाल्या, "काय छान झोप लागली!"

दादा म्हणाले, "आठवत नाही ना? मग दुखलंच नाही. विषय संपला."

माझा संपला नाही. मी दुखणं थांबवते की नुसती त्याची आठवण पुसते? या विचाराने मला अगदी बेचैन व्हायला होतं. तेव्हापासून शुद्धीवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत सुटले, काय आठवतं? एकजण वैतागून म्हणाला, "बेन, तुम्ही हेच विचारत होता, ते आठवतं."

*

मागच्या महिन्यात दादांच्याच पाठीवरची गाठ काढायची होती. "गुंगी दे आणि उगाच विचार करत बसू नकोस," म्हणाले. ते कुशीवर गुंगीत होते. दुसऱ्या सर्जननी जागा बधिर करायची सुई टोचली, तसं त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"माधवी, दुखतंय गं. मी आहे इथे. मी इथेच आहे."

औषध वाढवून ते लागू होईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

नंतर उठून बसले, चहा मागितला. "बघ, झालं का काही? काहीसुद्धा नाही." मी मान हलवली आणि कप पुढे केला. कप बाजूला ठेवून त्यांनी माझा हात उजेडात धरला. मनगटावर नखांचे वळ लाल झाले होते.

"अगं, हे कुणी केलं? चांगलंच दुखलं असेल तुला."