मोठ्या चक्रावर न चढणारी साखळी

निवृत्तीनंतर बाबांनी गाझियाबादच्या आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्याकडून जुनी गिअरची सायकल घेतली. गुडघ्यांसाठी चालवा, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तेव्हा दिल्लीत, मुनिरकात खोली घेऊन पीएचडी करत होतो. रविवारी घरी गेलो की बाबांची एकच तक्रार : "पुढचं मोठं गिअर पडतच नाही रे."

"मेकॅनिककडे नेऊ?"

"तू आहेस ना शिकलेला!"

मी दोन व्हिडिओ पाहिले आणि बाल्कनीत बसलो. पेडलजवळच्या लहान चक्रावरून साखळी मोठ्यावर ढकलणारा डिरेलर अर्ध्यातच अडत होता. तो किती बाहेर सरकेल हे एका बारीक स्क्रूवर ठरतं. तो मी सैल केला. फरक नाही. आणखी सैल केला, मग जवळजवळ पूर्णच. हँडलवरचा गिअरचा खटका जोरात दाबला आणि साखळी चढली. बाबा इतके खूश झाले, की पुन्हा तपासून बघावं असं मला वाटलंच नाही.

बुधवारी सकाळी आईचा फोन आला. बाबा पडले होते, उजवं मनगट मोडलं होतं. "कुत्रं आडवं आलं म्हणतात," आई म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा सायकल जिन्याखाली होती. साखळी मोठ्या चक्राच्याही बाहेर, पेडलच्या दांड्याला गुंडाळलेली. कुणाला न सांगता मी ती कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. मेकॅनिक खाली वाकला.

"तार जंग से जाम थी. और यह पेंच किसने खोल दिया? अब चेन को रोकेगा कौन?"

म्हणजे दोष खटक्यापासून डिरेलरपर्यंत जाणाऱ्या गंजलेल्या तारेचा होता, आणि साखळीला अडवणारा स्क्रूच मी सैल करून ठेवला होता.

दोन दिवस मी बाबांना भात भरवला, शर्टाची बटणं लावली, आणि प्रत्येक वेळी बोलायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी आई बाजारात गेल्यावर म्हणालो, "बाबा, कुत्रं नव्हतं. स्क्रू मी..."

"माहीत आहे. पडल्यावर साखळी दिसली मला." मग ते म्हणाले, "आईला कशाला सांगायचं?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्ण वळेना. सायकल मी नीट करून आणली होती. बाबांनी ती वॉचमनला देऊन टाकली. मी विचारलं तर म्हणाले, "भीती वाटते रे आता." सरकारी नोकरीत दहा बदल्या झेललेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.