अर्नाळ्याची हर्षला

बस मला अर्नाळ्याच्या शेवटच्या थांब्यावर उतरवून मागे वळली, तेव्हा आधी सुकत्या म्हावऱ्याचा (मासळीचा) वास आला, मग समुद्र दिसला.

नाशिकहून मी चार दिवसांसाठी चंदनसारला भाचीकडे, मीनलकडे आले होते. ती अर्नाळ्याजवळच्या एका शाळेत शिकवते. तिच्या तिसरीच्या वर्गातल्या हर्षलाला गतिमंद मुलांच्या शाळेत पाठवावं, असं शाळेत घाटत होतं. तीस वर्षं शिक्षिका असलेल्या मावशीचं मत मीनलला हवं होतं. आदल्या दिवशी शाळेत मी हर्षलाला एकटीला समोर बसवून गुणाकार विचारले. ती नखं बघत बसली. माझंही मत शाळेसारखंच झालं. तेच तिच्या आईला सांगायला मी आले होते.

आई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती, हर्षला आणि तिची धाकटी बहीण हाताशी होत्या. हातातलं संपू दे, मग बोलू, म्हणाली आणि चहा देऊन मला बसवलं. नुसतं बसवेना, म्हणून मीही दोन बोंबील उचलले. ते निसटून वाळूत पडले. हर्षला हसली नाही. तिने दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दाखवले आणि जोडी आडव्या काठीवर टाकली. बहीणही तेच शिकत होती. हर्षलाने आधी तिचे हात धरले, मग हात सोडून नुसतं सांगितलं, मग गप्प राहून बघत राहिली. मला कुणी इतकं नीट शिकवलं नव्हतं.

मी सहज विचारलं, अशा पाच काठ्या भरल्या तर बोंबील किती? एका काठीवर किती जोड्या बसतात, हे तिने आईला विचारलं. आई म्हणाली, वीस. हर्षला बहिणीशी काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "दोनशे."

"मग काल का नाही बोललीस?"

"तिथं कोनाला इचारायचं नसतं ना."

थोड्या वेळाने आईने भीत भीत विचारलं, पोरीचं काय ठरलं. पोर हुशार आहे, आम्हीच चुकीचं विचारत होतो, असं मी सांगितलं. तिने माझा कप पुन्हा चहाने भरला. मग काठी धरून समुद्राकडे बघत उभी राहिली.

माझ्याकडून हे ऐकल्यावर मीनलने दुसऱ्या दिवशी वर्गात हर्षलाला मैत्रिणीशेजारी बसवलं, गणितं दोघींत मिळून सोडवायला दिली. मुख्याध्यापकांनी वर्ष संपेपर्यंत थांबायचं कबूल केलं.

नाशिकच्या गाडीत मला झोप लागली नाही. 'शेजारी बघू नका, आपापलं लिहा,' हे मी तीस वर्षं रोज म्हणत आले. वर्गात गप्प बसणारी कितीतरी मुलं डोळ्यांसमोर आली. त्यांची नावं आठवेनात. त्यांच्या प्रगतिपुस्तकांवर लिहिलेले शेरे मात्र सगळे आठवत होते.