मलिद्याचं आमेन

आमच्या बेने इस्रायली घरांत मलिदा उगाच होत नाही. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. पण तो करायचा नवस फेडायला, नाहीतर देवाचे आभार मानायला. ज्याच्यासाठी केला त्याच्यासाठी प्रार्थना करायची, जमलेल्यांनी आमेन म्हणायचं आणि मगच खायचं.

ऑकलंडच्या आमच्या ज्यू शाळेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पालक समितीच्या अध्यक्षीणबाईंना तर तो नुसता 'इंडियन डिझर्ट' वाटायचा.

याच बाईंनी माझ्या लेकीचं शुक्रवारचं काम काढून घेतलं होतं. ती लहान वर्गांबरोबर शब्बाथच्या मेणबत्त्या लावायची. आपल्याला मुलगे नाही, मुली आवडतात, असं तिनं वर्गात सांगितलं आणि लगेच बाईंचा साखरेत घोळलेला फोन आला. "आमची काहीच हरकत नाही हं. पण छोटी मुलं प्रश्न विचारतील." तेव्हापासून दर शुक्रवारी लेकीचं पोट दुखायला लागलं. मी खूणगाठ बांधली.

झाडांच्या सणाला बाईंचाच मेसेज आला, तुमचं ते पोह्यांचं करा ना, हीप्स करा, म्हणजे ढीगभर! परातभर केलं. सकाळी लेकीला विचारलं, "बोलू का सगळ्यांसमोर?"

"स्वीट ॲज," ती म्हणाली. म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, चालेल की.

हॉलमध्ये सगळ्यांच्या हातात वाट्या गेल्यावर मी उभी राहिले. "हा मलिदा आभाराचा आहे. माझ्या लेकीला खरं बोलायचं धैर्य देवानं दिलं. ती जशी आहे तशी या शाळेत सुखानं राहो, शुक्रवारच्या मेणबत्त्या पुन्हा तिच्या हातानं लागोत. आमेन म्हणा आणि खा."

बाईंचा चमचा अर्ध्यावर थांबला. पोरांनी आमेनचा गजर केला, मागून पालकही म्हणाले. फुकट मलिदा लाटणाऱ्यांबद्दल मराठीत काय बोलतात ते माझ्या जिभेवर आलं होतं, गिळलं. नुसती बाईंकडे बघत राहिले. त्या काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

"आमेन," त्या मोठ्यानं म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, मला फार फार बरं वाटलं.

गाडीत लेक म्हणाली, "शी डिडन्ट मीन इट, आई."

"नसेलच. पण सगळ्यांदेखत म्हणाली ना? आता शुक्रवारी तुला अडवून दाखवू दे."