वजरीने घासलेले पाय

आमच्या दौंडच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाळकसाहेब मंडळीच्या पंचांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले होते तसे, नम्रतेचा धडा म्हणून. प्रत्यक्षात ज्यांचे पाय धुवायचे ते सगळे घरूनच पाय धुऊन येतात. इतके स्वच्छ पाय दौंडात एरवी वर्षभर दिसत नाहीत. माझे बाबा तर ज्येष्ठ पंच. ते आठवडाभर आधीच वजरी घेऊन टाचा घासायला बसत.

त्या वर्षी मोरीच्या दारात उभी राहून आई म्हणाली, "पाय धुऊन घ्यायला जाताय की दाखवायला?"

बाबा घासत राहिले. त्या दिवसांत त्यांना एका विषयावर तर मुळीच ऐकू येत नसे: शिरूरचे काका, त्यांचे धाकटे भाऊ. तिथल्या प्रार्थनामंदिराच्या कोनशिलेवर काकांचं नाव वर आणि बाबांचं खाली आलं, तेव्हापासून बाबांनी शिरूरची वाट सोडली होती. आता ईस्टर झाल्यावर काकांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"त्याआधी भेटून या," आई म्हणायची.

"त्यानं आधी फोन करावा."

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, ऐन उपासनेत, बाबांची उंच पाठीची खुर्ची त्यांच्यासकट मोडली. दोष सुताराला. दोन दिवसांनी ते मोरीत घसरले, घोटा मुरगळला. दोष साबणाला.

"अहो, देवानं आता आणखी कसं सांगायचं? टपाल टाकायचं का?" आई म्हणाली.

मी अशा संकेतांवर फारसा विसंबत नाही. खुर्ची वाळवीने पोखरलेली होती, मी स्वतः पाहिलं. पण वाळवीने नेमका हाच आठवडा का निवडला, हे मला आईला समजावता आलं नाही.

गुरुवारी दुपारी पाळकसाहेबांनी तो सुजलेला पाय जपून परातीत घेतला आणि हळूच विचारलं, "भावाची तब्येत कशी आहे?" सहजच विचारलं असावं. बाबा उत्तर द्यायला गेले आणि थांबले. त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी ओला पाय मागे घेतला आणि लंगडत माझ्या बाकापाशी आले. चप्पल तिथेच राहिली.

"गाडी काढ. शिरूरला जायचंय."

चौफुल्यावरून आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. तिथून बाबा काहीतरी पुटपुटत पाठ करू लागले. माफीचं भाषण असावं. पंचांना भाषणाशिवाय जमत नाही.

काका अंगणात बसले होते. फार वाळले होते.

"दादा? ये की. आन् पायाला काय झालं?"

भाषण कुठे गेलं कोण जाणे. बाबा एवढंच म्हणाले, "तुझं नाव वर आहे तेच बरं आहे."

"कुठलं वर? नाताळाला रंगाऱ्यानं त्या दगडावरनंच ब्रश फिरवला. आता आपण दोघंबी न्हाई."

बाबा हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

काकांनी घरातून घमेल्यात मिठाचं गरम पाणी मागवलं आणि स्वतः खाली बसले. वाकताना त्यांना धाप लागत होती.

"अरे, तू वाकू नकोस."

"गप बस. ठेव पाय." मग थोड्या वेळाने, "दुसराबी ठेव."

"तो बरा आहे रे."

"म्हाईतंय मला. ठेव."

बाबांनी ठेवला. अनवाणी आल्यामुळे दोन्ही पाय धुळीने माखले होते. वजरीची सगळी मेहनत वाया गेली होती.